घोडा खाली बांधलाय

स्वातंत्र्यानंतर बाबांची कलकत्त्याला बदली झाली. मी तेव्हा आठ वर्षांची. बागबाजारातल्या मैत्रिणीच्या आजीने विचारलं, "तुम्ही कुठले गं?"

"आम्ही मराठी!" मी छाती फुगवून म्हटलं.

आजीने दार लोटून घेतलं. मराठे घोड्यांवरून येऊन गावं लुटायचे, असं तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. झालं, खेळणं बंद! मी रडत घरी आले.

"साफ खोटं! मराठे रयतेला जपायचे," बाबा गरजले.

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आजोबांनी!"

आता खरं कुणाचं मानायचं? दुसऱ्या दिवशी मी भीत भीत पुन्हा कडी वाजवली. आजीने जिन्यात डोकावून पाहिलं.

"घोडा कुठाय?"

"खाली बांधलाय."

आजी खदखदून हसली. मला आत घेऊन तिने दोन मिठाया हातावर ठेवल्या. तो पाहुणचार होता की खंडणी, मला अजून उमगलेलं नाही.