घोळीवरचं फुलपाखरू आणि माझी लाल रेघ

उंब्रजजवळच्या एका शाळेतून फोन आला. बागेत फुलपाखरांच्या पाट्या लावल्यात, नावं तपासून द्याल का? ब्लॉगमुळे कुणीतरी आपल्याला तज्ज्ञ समजतंय म्हटल्यावर मी कॉलर ताठ करून माधवनगरहून मोटरसायकल काढली. तासगाव, विटा, कराड; मिसळीला थांबलात तर तीनेक तास धरा. पाऊस ओसरल्यावर जा, बांधावर घोळीची भाजी माजलेली असते.

दोन पाट्यांवरची चित्रं जवळपास सारखीच होती: नारिंगी पंख, काळी कड, टोकाशी पांढरे ठिपके. एकीखाली 'रुईवरचं', दुसरीखाली 'घोळीवरचं'. दुसरी पाटी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईंच्या सांगण्यावरून केलेली.

"मावशी, दोन्ही प्लेन टायगरच. एक नर, एक मादी."

"न्हाई ओ पावणं. रुईवरची येगळी. ही घोळीवर अंडी घालती. मी रोज बघती."

"पुस्तकात तसं नाही," म्हणत मी त्यांच्या पाटीवर लाल रेघ मारली. पोरं हसली. हौसाबाई घोळ निवडायला बसल्या. एकेक डहाळी उलटून बघत, एखादी बाजूला ठेवत. मी घोळीवरच्या फुलपाखराचा फोटो काढला, त्यांचाही काढला आणि घरी पोचताच त्यांचा ब्लॉगवर टाकला: 'भाजी निवडण्यात रमलेल्या मावशी'.

मग फुलपाखराचा फोटो मोठा केला. प्लेन टायगरच्या, म्हणजे रुईवरच्याच्या, मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. हिच्या पंखावर वरच्या कडेला एकच होता. ही डॅनेड एगफ्लाय या वेगळ्याच जातीची मादी. टायगर विषारी, म्हणून पक्षी त्याला टाळतात. ही नुसतं त्याचं रूप घेऊन वाचते. अंडी घोळीवर घालते, हेही माझ्याच पुस्तकात छापलेलं होतं. मी ते पान कधी वाचलंच नव्हतं. इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

सकाळी पुन्हा तोच रस्ता. या खेपेला मिसळ नाही.

"मावशी, चुकलो. तुमचं खरं होतं."

"मला ठावं हाय की," पातेल्यावर झाकण ठेवत त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगताय? हसली ती पोरं. त्यास्नी सांगा."

वर्गात उभं राहून सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. रेघ रॉकेलने पुसली, तरी गुलाबी डाग राहिलाच.

निघताना हौसाबाईंनी घोळीची जुडी दिली. त्याआधी दोन डहाळ्या उलटून बघितल्या आणि काढून घेतल्या.

"ह्यावर अंडी हायती. मातीत खोचून देती. घोळ लगीच जगती."

काल त्या हेच करत होत्या, माझ्या डोळ्यांसमोर.

घरी आल्यावर ब्लॉगवरची 'रमलेल्या मावशी' ही ओळ खोडली नाही. खाली काय चुकलं ते सगळं लिहिलं, लाल अक्षरांत.