साळखात्यात दादानं पाणी मागितलं

आधी एक सांगतो. भूत, भानामती, अंगात येणं असलं काही मी मानत नाही. वळसंगला आमच्या शेताच्या वाटेवरच मसणवट होती. तिथून अंधारात एकटा पाणी धरायला जायचो, कधी चिटपाखरू दिसलं नाही. पुढं लिहिलंय ते पटत नसेल तर सोडून द्या, पण मला वेड्यात काढू नका. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझे डोळे चांगले होते.

बांगलादेशच्या लढाईनंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ भीमादादा फौजेत होता, राजस्थानच्या हद्दीवर, वाळूत. लढाई संपली, बाकीचे जवान घरी आले... दादा आला नाही. सरकारनं कळवलं — बेपत्ता. मेला असंही नाही, आहे असंही नाही. वैनी कुंकू लावत राहिली. पितर पंधरवड्यात मी वडिलांना पाणी द्यायचो, पण दादाच्या नावानं आईनं सोडू दिलं नाही. "माजं लेकरू जित्तं हाय," एवढंच म्हणायची.

त्यात दुष्काळ पडला. शेतात काही उरलं नाही म्हणून मी सोलापुरात एका कापडगिरणीत बदली कामगार लागलो. साळखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं. माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलायची. धागा तुटला, चहाला चल, साहेब आला — प्रत्येकाची खूण ठरलेली. बाहेरच्याला त्यातलं काही कळत नसे. मी नवा, मलाही दोन-चारच यायच्या. मला काम शिकवायला राजय्या नावाचा म्हातारा तेलुगू विणकर दिला होता. आणि जॉबर, म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, माझ्या कानाला तोंड लावून ओरडायचा, "ए पाव्हणं, हाकतोस कशाला रं? माग हाय त्यो, बैल न्हाय!"

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणीत माग बंद ठेवून त्यांची पूजा करायची रीत. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. त्या वर्षी साहेबांनी ठरवलं, हत्यारांबरोबर हत्यार धरलेल्या हातांचीही पूजा करायची. गिरणीत तीन माजी सैनिक कामाला होते. त्यांना मागांसमोर खुर्च्यांवर बसवलं, फेटे बांधले, तळहातांना कुंकू लावलं, अंगावर चादरी घातल्या. सगळं खातं टाळ्या वाजवत होतं. मी नाही वाजवल्या. हे तिघं आले आणि माझा भाऊ का नाही, एवढंच डोक्यात होतं.

साहेब म्हणाले, जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी उभे राहा. आम्ही उभे राहिलो. भर दुपारची वेळ, वरच्या काचांतून लख्ख उजेड. आणि खुर्च्यांच्या मागं, भिंतीजवळच्या मागाला टेकून दादा उभा होता. खाकी स्वेटर, दाढी वाढलेली. माझ्याकडंच बघत होता. त्यानं दोन बोटं हनुवटीखाली टेकवली आणि गळ्यावरून खाली ओढली. परत एकदा तसंच.

मी माणसं ढकलत निघालो. कुणीतरी खेकसलं, "आरं, उभा राहा की गप!" मागापाशी पोचलो तर कोणी नव्हतं. त्या भिंतीला दार नाही.

राजय्यानं मला बाजूला घेतलं. मी त्याला तशीच बोटं ओढून दाखवली. "ह्येचा अर्थ काय?"

"पाणी रे बाबा. तहान लागलं की असं करते. तुला कोण शिकवलं? मी तर न्हाई."

दादानं जन्मात गिरणी पाहिली नव्हती. कुणी म्हणेल, तूच कामावर कधीतरी ती खूण पाहिली असशील. पाहिली असती तर विचारली कशाला असती? आणि दिसली असलीच, तरी दादा तिथं उभा होता त्याचं काय करणार?

संध्याकाळी एस.टी.नं घरी जाऊन सांगितलं. आईचा चेहरा उजळला. "तहान लागली म्हंजी जित्ता हाय. कुटंतरी कोंडून ठेवलाय त्येला."

वैनी चुलीपुढं बसली होती. मागं न बघता म्हणाली, "मेलेल्यालाबी पाणीच देत्यात, आत्याबाई."

आई लई बोलली तिला. मग मी अंगणात आलो तेव्हा वैनी मागून आली. "भावजी, खरं सांगा. त्येंच्या तोंडावर जीव हुता का?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

आई गेली. वैनी सवाष्ण म्हणून गेली, हिरव्या बांगड्या, ओटी भरून. गिरणी कधीच बंद पडली. त्या खुणा येणारी माणसंही आता फारशी राहिली नाहीत. मी कितीतरी जाणत्यांना विचारलं, कुणी म्हणालं भास, कुणी म्हणालं आत्मा.

दर पितर पंधरवड्याला मी वडिलांना पाणी देतो, आईला देतो, वैनीला देतो. मग ओंजळ भरतो आणि दादाचं नाव ओठांवर येऊन थांबतं. सोडलं तर त्याला मी मारला. नाही सोडलं तर तो तहानलेला. असा बसून राहतो... शेवटी ते पाणी बोटांमधून आपलं आपण गळून जातं.