आरोपाची स्थिती

सर्व नातेवाईक, स्नेही, हितचिंतक आणि एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात गाड्या लावणारे समस्त रहिवासी यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका मोटारीच्या बॅटरीची प्रकृती चिंताजनक झाली. सोळा टक्के उरली होती. नातलगांनी धीर सोडला होता. नातलग म्हणजे मी. रोज संध्याकाळी तळघरात गाडी लावून, आतच बसून, फोनवर मी तिची नाडी बघत असे आणि खांदे पाडून लिफ्टकडे जात असे.

बॅटरीला काहीही झालं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकतो. झालं ते दुसऱ्यांनाच झालं.

गाडी माझ्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. निपाणीहून मी नोकरी शोधायला बेंगळुरूला आलो, तेव्हा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या शेडच्या मागच्या खोलीत तीन वर्षं त्यांच्या ताटातलं जेवलो. दाजी गेज बनवतात. गेज म्हणजे लोखंडाच्या तुकड्याचं माप बरोबर आहे की नाही हे तपासायचं हत्यार. आजूबाजूचे कारखानदार त्यांच्याकडून गेज नेतात आणि परत मोजून बघत नाहीत. दाजी म्हणाले "मोजलंय" की मोजलं. हीच त्यांची इस्टेट.

आयुष्यात त्यांनी चैन केली ती एकच, ही गाडी. परदेशी बनावटीची, प्लग-इन हायब्रिड. म्हणजे पुढे पेट्रोलचं इंजिन आणि मागे सीटखाली भली मोठी बॅटरी. रात्री घरच्या प्लगला लावून बॅटरी भरायची, सकाळी पहिले तीस-चाळीस किलोमीटर मांजरासारखं आवाज न करता जायचं आणि मग पेट्रोलवर. दाजी ती शेडमध्ये लावून रोज भरत. म्हशीला वैरण घालावी तसं, संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेला. पुढे काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं कमी होत गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली. परक्या माणसाला विकायला त्यांचा जीव धजेना. मला बोलावलं.

"तुझ्याकडं चार्जिंगचा पॉइंट हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "बॅटरीला उपाशी ठेवायची नाही बघ."

"आहे की दाजी! तळघरात, अगदी माझ्या जागेसमोर."

पॉइंट नव्हता. अर्ज होता. आमच्या असोसिएशनच्या सेक्रेटरींनी तो हातात घेऊन, चष्म्यावरून माझ्याकडे बघत सांगितलं होतं, "सार, स्वल्प थांबा. फायर सेफ्टी बघायला पाहिजे. नेक्स्ट मीटिंगला घेऊ." स्वल्प म्हणजे थोडं, असा कन्नडमध्ये अर्थ आहे. पण बेंगळुरूत काळ मोजायला याहून लांब माप नाही. मला वाटलं, महिन्याभरात होईल, दाजींना कशाला सांगा. महिन्याचे पाच महिने झाले. प्लग-इन गाडी माझ्या दारात आली आणि तिला प्लग म्हणून कधी मिळाला नाही. मी तिला निव्वळ पेट्रोलवर व्हाइटफील्डला ऑफिसला नेत होतो आणि रविवारी अक्काकडे जेवायला गेलो की दाजी विचारत, "भरतोस न्हवं रोज?" मी म्हणे, "रोज!"

ऑफिसात एक सहकारी आहे, विजेच्या गाडीचा भक्त. त्यानंच मला ते यंत्र आणून दिलं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिच्यात काडेपेटीएवढा डोंगल खोचायचा आणि फोनवर ॲप उघडायचं. गाडीच्या पोटातलं सगळं फोनवर दिसतं. "बॅटरी की हेल्थ देखते रहो सर," तो म्हणाला, "पुरानी गाडी में लोग टोपी पहना देते हैं."

ॲप उघडलं आणि मी भाषांची यादी खाली ओढत गेलो, तर मलयाळमच्या खाली चक्क मराठी! आता हे तुम्हाला कळायचं नाही, तुम्ही पुण्यात बसून वाचत असाल तर. इथे माझी मराठी म्हणजे बायकोशी सकाळ-संध्याकाळ आणि अक्काकडे रविवारी. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, भाजीवाल्याशी कन्नड, लिफ्टमध्ये नुसती मान. आणि इथे गाडीच्या पोटातून कोणीतरी मराठीत हाक मारतंय! मी आनंदानं बटण दाबलं.

पडद्यावर आलं ते असं. आरोपाची स्थिती: १६ टक्के. राज्याचे आरोग्य: ९१ टक्के. त्याखाली लांबलचक यादी. कोठडी क्रमांक एक, तापमान एकोणतीस. कोठडी क्रमांक दोन, तापमान एकोणतीस. अशा शंभराच्या आसपास कोठड्या. मी हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वर जाऊन बायकोला नाटकातल्या न्यायाधीशाच्या आवाजात सगळं वाचून दाखवलं. कैद्यांना उकडत नाही, आणि कर्नाटक राज्याची तब्येत एक्क्याण्णव टक्के, ठणठणीत!

"तुमच्या गाडीला काय करायचंय राज्याचं?" बायको म्हणाली.

"जाहिरात असणार सरकारची," मी ठरवून टाकलं. आरोप म्हणजे काय तेही कळलं नव्हतं, पण पुढचा शब्द कळला होता. स्थिती. बॅटरीची स्थिती सोळा टक्के. हे काही हसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सतरा. मग पंधरा. पुन्हा सोळा. मी सहकाऱ्याला आकडा सांगितला, तेव्हा त्यानं माझ्याकडे घरात कोणी गेल्यासारखं बघितलं. "सोलह? सर, पहना दी आपको."

"घरातली गाडी आहे रे."

"घरवाले ही पहनाते हैं."

मी तेव्हा हसलो. पण वाक्य आत जाऊन बसलं आणि संध्याकाळी गाडीत माझ्याशी बोलू लागलं. दाजींनी गाडी इतक्या घाईनं का दिली? काचबिंदू तर आधीपासून होता. "उपाशी ठेवू नको" हे पुन्हा पुन्हा का बजावलं? उद्या बॅटरी गेली की बोट माझ्याकडे दाखवता यावं म्हणून तर नव्हे? ज्या माणसानं मला नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला स्वतःचे बूट घालून पाठवलं, त्याच्याबद्दल मी सिग्नलला उभा राहून असले विचार करत होतो, आणि करताना मला आपण फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. ते आज आठवलं की तोंड कडू होतं.

मग तो रविवार. अक्कानं भरली वांगी आणि भाकरी केली होती. शेजारच्या शेडचे मालक जेवायला होते. कन्नड माणूस, पण आमच्या पंगतीत बसून बसून मराठी चांगली कळते. वीस वर्षं ते दाजींचे गेज वापरतात. मी नेहमीप्रमाणे रंगात आलो होतो, नकला चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग, गाडी कशी आहे?"

समोर प्रेक्षक, तोंडात वांगं आणि डोक्यात महिनाभर घोळवलेलं वाक्य. मला आवरलं नाही.

"गाडी झकास, अण्णा! बॅटरी तेवढी सोळा टक्के उरलीय. दाजींनी जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली, मला देताना मात्र डोळे मिटले."

अण्णा हसले आणि अर्ध्यावर थांबले. डोळ्यांचा शब्द त्यांना माझ्या आधी कळला.

दाजींनी घास ताटात ठेवला. "सोळा? कुठं बघितलंस?"

"ॲपवर. रोज बघतो. स्थिती सोळा टक्के."

"गाडी भरतोस न्हवं?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. खरं बोलायला एवढी जागा होती. "भरतो की."

"रोज?"

"रोज."

"मग तसं असंल," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "सरी." सरी म्हणजे बरं, ठीक. इथे माणूस दिवसातून शंभरदा म्हणतो. ते उठले, हात धुतला आणि आत जाऊन पडले. ताट अर्धं तसंच होतं. पाहुण्यांनी पुढचं सगळं जेवण ताटाकडे बघत केलं. जाताना दारात चपला घालत ते मला म्हणाले, "त्यांचं माप मी कधी तपासलं नाही, हां." एवढंच.

मंगळवारी दाजींचा फोन आला. "गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सोड उद्या. मी जातो तिथं."

मला वाटलं, आले वठणीवर! मी सकाळी गाडी सोडून कॅबनं ऑफिसला गेलो. दाजी पीण्याहून मेट्रोनं आणि मग रिक्षानं आले, कडेचं नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी जिने चढत-उतरत, आणि दिवसभर तिथल्या बाकावर बसून राहिले. हे मला संध्याकाळी तिथल्या माणसानं सांगितलं. तोवर ते निघून गेले होते. ड्रायव्हरच्या सीटवर एक कागद होता, उडू नये म्हणून वर पाण्याची बाटली.

इंग्रजीत छापलेला तपासणीचा अहवाल. स्टेट ऑफ हेल्थ: एक्क्याण्णव टक्के. वयाच्या मानानं उत्तम. स्टेट ऑफ चार्ज: सोळा टक्के. आणि खाली पेननं, इंजिनिअरच्या अक्षरात: गेले पाच महिने बॅटरी बाहेरून एकदाही चार्ज केलेली नाही, कृपया नियमित प्लग लावावा.

मी तिथेच बसून ॲपची भाषा बदलली. चार्ज म्हणजे भरलेली वीज. चार्ज म्हणजे आरोपही. भाषांतर करणाऱ्या यंत्रानं दुसरा अर्थ उचलला होता, बॅटरीच्या सेलच्या कोठड्या केल्या होत्या आणि स्टेट म्हणजे अवस्था, तिचं राज्य केलं होतं. असल्या गाडीची वीज संपली तरी ती तळाला थोडी राखून ठेवते, इंजिनाला हातभार लावायला. तीच ती सोळा. मी कधी भरलीच नाही, तर आकडा वर कसा जाणार? यंत्राला मी पाच मिनिटं मनसोक्त शिव्या दिल्या. मग उरलेल्या रस्त्यात शिव्या द्यायला गाडीत मी एकटाच होतो. दाजींना आता दोन्ही गोष्टी कळल्या होत्या. मी त्यांना लबाड म्हटलं, आणि लबाड मी होतो.

त्या रविवारी एचएसआर ते पीण्या, पूर्ण गर्दीत, मी माफीचं भाषण तयार केलं. सुरुवातीला विनोद, मध्ये आवंढा, शेवटी पाय धरणं. घरी पोचलो. दाजी खुर्चीत बसले होते.

"या," ते म्हणाले. "बसा."

मी मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. कोणी नव्हतं.

"दाजी, माझं चुकलं. ते ॲपचं मराठी..." मी कोठड्यांचं सांगितलं, राज्याच्या आरोग्याचं सांगितलं. गोष्ट फक्कड आहे, नंतर ऑफिसात लोक डोळे पुसेपर्यंत हसले. दाजींनी मान डोलावत ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"होतं असं," दाजी म्हणाले. "तुम्ही कामातली माणसं. पाणी घेणार का?"

"पॉइंट नव्हता, दाजी. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"कळलं ते. त्यांनी लिहून दिलंय." मग अगदी आपुलकीनं, "येताना फार ट्रॅफिक लागलं का तुम्हाला?"

तीस वर्षं या माणसानं मला अरे-तुरेच केलं. माझ्या लग्नात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, चार लोकांत "ए, पोट आत घे!" म्हणून ओरडला. या आवाजात दाजी गिऱ्हाइकांशी बोलतात. नव्या गिऱ्हाइकांशी, ज्यांचा भरवसा अजून यायचाय. मी पाय धरायला वाकलो, तर त्यांनी दोन्ही हातांनी मला अदबीनं उठवलं. "हे कशाला, हे कशाला? चला, पानं मांडलीत."

जेवायला बसलो. अक्का वाढत होती. आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नुसती आमटी, भाकरी, चटणी. मी मान खाली घालून खात होतो. दाजींनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि तिला म्हणाले, "भाकरी वाढा त्यांना. संकोच करतायत ते."

अक्काचा हात तसाच राहिला. भाकरी तिनं धाडकन टोपल्यात टाकली.

"अहो, चार शिव्या घाला त्याला, कानफटात वाजवा, काय पण करा," ती ओरडली, "पण माझ्या भावाला पाव्हणा करू नका हो!"