कायम गार लागणारी डावी बाजू

गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत, पण त्या खऱ्या वहिनी एकीच्याच, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आणि नाटकं लिहिणाऱ्या धाकट्या नणंदेच्या. उशांच्या अभ्र्यांपासून कोटापर्यंत काहीही शिवणाऱ्या वहिनींचे हात हल्ली थरथरायला लागले होते. मुलाने शिलाई मशीन विकायला काढलं. "आता आराम कर," असं म्हणत त्याने त्या जागी कपाट मावेल का, तेही पाहून घेतलं. नणंदेने नाटकाचे कोट शिवायला सांगितले तेव्हा वहिनींनी ताबडतोब हो म्हटलं. कोट धड झाले तर मशीन राहील, असं मुलाने कबूल केलं.

"तुझ्या नाटकात, तिकडे हवा कशी असते?" वहिनींनी टेप गळ्यात टाकत विचारलं.

"तिकडे म्हणजे वेगळ्याच ग्रहावर, वहिनी. मी तयार केलाय. त्याची एकच बाजू सूर्यासमोर असते, तिथे नुसती भट्टी. पाठीमागे कायमची रात्र आणि बर्फ. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात माणसं राहतात."

"मग सूर्य मावळतो कधी?"

"मावळत नाही. एका जागी टेकलेला असतो."

"मग जेवतात कधी?"

"भूक लागली की."

"आणि स्वयंपाकघर आवरायचं कधी?"

नणंदेने तेवढा विचार केला नव्हता. तिने टेबलावरचा दिवा लावला आणि टाचण्यांची उशी त्याच्याभोवती फिरवून दाखवली.

"म्हणजे दिव्याकडचं तोंड फिरवायचंच नाही," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या भावाला माझ्याशी बोलताना हे जमलं असतं तर."

"वहिनी, लक्ष दे. उजेडाकडची हवा तापून वर जाते, म्हणून जमिनीलगत अंधाराकडून उजेडाकडे सतत वारा. पट्ट्यातून चालताना उजव्या हाताला ऊन, डाव्या हाताला बोचरा वारा."

बाकीचं डोक्यावरून गेलं, पण हे वहिनींना पटलं. त्यांनी प्रत्येक कोटाची डावी बाजू जाड लोकरीची केली, उजवी पातळ सुती. हात ऐकत नसल्यामुळे काही काजं पुन्हा पुन्हा उसवावी लागली.

शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम झाली. मुलगा मागच्या खुर्चीवर येऊन बसला. पहिल्या अंकात मंडळी रंगमंचाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. कोट झकास दिसले. दुसऱ्या अंकात मंडळी घरी परत निघाली, आणि लोकर उन्हात, सुती कापड वाऱ्यात.

"थांबा, थांबा," नणंद म्हणाली.

"परत येतात हे तू सांगितलं नाहीस," वहिनी म्हणाल्या.

"माणसं परत येतातच ना, वहिनी."

"सूर्य जागचा हलत नाही म्हणालीस. मला वाटलं, तिथे सगळंच एका दिशेने."

नायक झालेला कंपाउंडर घामाघूम झाला होता. वहिनींनी त्याचा कोट उतरवला, उलटसुलट करून पाहिला आणि काय करावं ते न सुचून त्याला मागचा भाग पुढे करून घातला. लोकर वाऱ्याकडे आली. बटणं मात्र पाठीवर गेली. त्याचा हात पोचेना. शेवटी नाटकात सोबत असलेल्या बाईने ती लावून दिली.

नणंद म्हणाली, "म्हणजे तिथे एकट्याला परतताच येणार नाही. माझा नायक तर एकटा परततो."

"आणि माझा गळा आवळतोय," कंपाउंडर म्हणाला.

"मग नाटक बदलू की कोट?" नणंदेने वहिनींना विचारलं.

"मला काय विचारतेस? ग्रह तुझा."

मुलगा पुढे आला. "एक सांगा, कोट झाले की नाही झाले?"

नणंदेने वहिनींकडे पाहिलं. वहिनींना हो म्हणवेना. "नाही झाले," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे गळे मोठे करायला हवेत."

"म्हणजे मशीन..."

"त्याशिवाय गळे कसे करू?"

आपण जिंकलो की हरलो हे मुलाला काही केल्या समजेना. त्याने मंडळींनी काढून ठेवलेले कोट उचलले, आणि कुठल्याची पुढून, कुठल्याची मागून घडी घालायची, हे विचारत उभा राहिला.