जेवायचा हात

बाबांचा जन्म डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवण्यात गेला. नवख्यांना शिकवताना घोटाळा नको म्हणून ते उजवं-डावं म्हणतच नाहीत. उजवीकडे म्हणजे जेवायच्या हाताला, डावीकडे म्हणजे दुसऱ्या हाताला.

"जेवच्या हाताक घे गो, जेवच्या हाताक!" मये गावातल्या आमच्या अंगणात ते ओरडत, आणि रिव्हर्स टाकून बसलेली मी थिजून जाई. कारण मी मूळची डावखुरी. लहानपणी माझा डावा हात ताटाकडे गेला की बाबा त्याला फडकं बांधून ठेवत. शेवटी मी उजव्या हाताने जेवायला शिकले, पण आजही भूक लागली की आधी डावाच हात हलतो. मग माझा जेवायचा हात कुठला, बांधलेला की मोकळा? पंचेचाळिशी उलटली तरी मला नक्की सांगता येत नाही. त्यात आरशात बघायचं, मान वळवायची, क्लच सोडायचा. डोक्याचं नुसतं भजं व्हायचं.

दोन बालद्यांच्या मधे गाडी घालायची होती. एक बालदी चेपली, दुसरी फुटली, तुळस थोडक्यात वाचली. "अगो, डाव्या हाताचो खेळ हो!" असं बाबा म्हणाले की मला संताप यायचा. डाव्या हाताला खेळू कुणी दिलं होतं?

पण शिकणं भाग होतं. बाबांची नजर अधू झाली होती. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतलं नाही तर उरलीसुरलीही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बाबा परक्याच्या गाडीत बसायला अजिबात तयार नव्हते.

पहिल्याच खेपेला म्हापशाच्या इस्पितळात एकच जागा रिकामी होती, भिंत आणि व्हॅन यांच्या मधली. मी दोनदा गाडी मागे घेतली, दोनदा भलतीकडे गेले. वॉचमन "उजवीकडे, उजवीकडे" करत डावा हात हलवत होता. मागून हॉर्न सुरू झाले. मला रडू यायचं बाकी होतं.

"बाबा, मला नाही जमत. घरी जाऊया."

बाजूला बसलेल्या बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि डोळे बारीक करून मागे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाय, तुज्या हाताक घे."

मी विचार केलाच नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी मागे सरकत सरकत सरळ आत गेली. मी इंजिन बंद केलं.

माझा डावा हात अजून गिअरवर होता. बाबांनी चाचपडत तो शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला. "हो हात उगीच बांदलो गो हांवें," ते म्हणाले.

मला भरून आलं. डोळे पुसायला कुठला हात उचलावा, तेच कळेना.