उतारा न वाचता

हायडेलबर्गमध्ये तीन वर्षं मी एकच परीक्षा तयार करत होते. पोर्तुगीज मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचून नेमकं किती कळतं, हे मोजणारी. कुणाला सांगितलं की आधी हसू यायचं. जर्मनीत राहून, पोर्तुगीज मुलांची, इंग्रजीची परीक्षा, आणि घेणारी पुण्याची. पण काम खरं होतं. इथे मास्टर्सचे बरेच कोर्स हल्ली इंग्रजीत चालतात. त्यांना ब्राझीलहून, पोर्तुगालहून मुलं येतात, एखादा अंगोलाचाही असतो. नेहमीच्या परीक्षांत त्यांना वाचनाला चांगले मार्क असतात, कारण इंग्रजीतले पुष्कळ जड शब्द त्यांना घरचेच वाटतात. पण काही शब्द तोंडावळ्याने घरचे आणि अर्थाने परके. इंग्रजी 'प्रिटेंड' म्हणजे सोंग आणणं. अगदी तसाच दिसणारा पोर्तुगीज शब्द आहे, त्याचा अर्थ बेत असणं. 'कंपनीने मदतीचं सोंग आणलं' हे वाक्य ती मुलं 'कंपनीचा मदत करायचा बेत होता' असं वाचतात आणि निवांत पुढे जातात. मार्कांत हे कुठेच दिसत नाही. माझ्या परीक्षेत ते दिसणार होतं. त्यावर मला डॉक्टरेट मिळणार होती.

सहा उतारे, प्रत्येकावर चार प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. सगळं मी लिहिलेलं. लग्नाआधी पाच वर्षं मी पुण्यात एका क्लासमध्ये प्रवेशपरीक्षांचं इंग्रजी शिकवायचे. उतारा आणि त्याखालचे प्रश्न हा माझ्या हातचा मळ. प्रोफेसरबाईंनी मला घेतलं तेही बरंचसं त्या अनुभवावरच.

नवरा न्युरेम्बर्गला, एका सॉफ्टवेअर कंपनीत. मुलगी त्याच्याजवळ, नुकतीच पहिलीत गेलेली. मी सोमवारी सकाळच्या गाडीने हायडेलबर्गला जायचे आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचे. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. दर गुरुवारी दार उघडताना तिचा एकच प्रश्न असायचा, "बिस्ट डू फेर्टिश, मामा?" झालं का तुझं, आई? मी म्हणायचे, "होईल गं, सप्टेंबरपर्यंत." सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी माझा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, संपत होता.

परीक्षा लिहिणं सोपं होतं, देणारे मिळवणं अवघड. साठ जण हवे होते. मी मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, दारात कागद चिकटवले. पोर्तुगीज प्रार्थना चालते त्या चर्चबाहेर रविवारी उभी राहिले. ब्राझिलियन मुलांचा एक ढोलाचा ग्रुप होता, त्यांच्या तालमीला जाऊन बसले. तिथे मी त्यांना सांगितलं, "आम्हीही बटाट्याला बटाटा म्हणतो, चावीला चावी म्हणतो, आणि साबण तुमच्याकडूनच घेतला." ते इतके खूश झाले की एका संध्याकाळी सात नावं मिळाली. पण मग महिनेच्या महिने दोन-दोन, एक-एक. एकोणसाठाव्यावर गाडी अडली.

साठावी होती बायोकेमिस्ट्रीची एक ब्राझिलियन मुलगी. दोनदा वेळ ठरली आणि दोन्ही वेळा तिने कळवलं की प्रयोग लांबला. तिसऱ्यांदा मी तिच्या लॅबच्या बाहेर जाऊन उभी राहिले. लाज वाटत होती, पण माझे अकरा आठवडे उरले होते. "उद्या सकाळी दहा वाजता नक्की येते," ती म्हणाली. आली. सत्तर मिनिटांचा पेपर तिने पस्तीस मिनिटांत दिला, माझ्याकडे न बघता थँक्यू म्हणाली आणि गेली. मी पेपर तपासला. चोविसातले तेवीस बरोबर. साठांत पहिली.

मला इतका आनंद झाला की मी तिला लगेच मेल केला. लिहिलं, तू कशी वाचतेस ते मला समजून घ्यायचंय, अर्धा तास देशील का? आठवड्याने ती आली. खुर्चीत अगदी टोकावर बसली. कॉफीचा कप पुढे केला तो तिने घेतला नाही.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी उतारे वाचले नाहीत."

"वरवर वाचलेस, असं म्हणायचंय का?"

"नाही. एकही वाचला नाही. त्या दिवशी निघायच्या आधी घरून फोन आला होता. बाबांना आयसीयूत हलवलं होतं. ओळी दिसत होत्या, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी लॅबपर्यंत आला होतात, उठून जायला बरं वाटेना. मग नुसते प्रश्न सोडवले."

मी आधी तिच्या वडिलांची चौकशी केली. ते घरी आले होते, पण बोलणं कमी झालं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या डोक्यात तेवीस हा आकडा घुमत होता.

"नुसत्या प्रश्नांवरून तेवीस?" मी विचारलं.

"तेवीस आले?" तिलाच नवल वाटलं. "मग प्रश्न सोपे असतील."

मी कोरा पेपर काढून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, दाखव. तिने पेनाच्या टोपणाने एकेक पर्याय दाखवायला सुरुवात केली. इथे तीन पर्यायांत 'नेहमी', 'कधीच नाही', 'सगळे' असे शब्द आहेत, चौथा तेवढा जपून लिहिलाय. इथे बरोबर उत्तर बाकीच्यांपेक्षा दुप्पट लांब आहे. आणि सातव्या प्रश्नाचं उत्तर तर आठव्या प्रश्नातच दिलंय. ती हळू आवाजात, जरा संकोचून सांगत होती, जणू चूक तिची होती. 'प्रिटेंड'चा प्रश्न आला. तिने 'सोंग' हा पर्याय निवडला होता, म्हणजे बरोबर. का, असं विचारलं. ती म्हणाली, "कंपनी खरंच मदत करणार असती, तर तुम्ही प्रश्न कशाला विचारला असता?"

ती गेल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ खोली तापवणाऱ्या रेडिएटरला पाठ टेकून खाली बसून राहिले. तो जुलै होता, रेडिएटर थंडगार होता. पुण्यात मी मुलांना याच युक्त्या शिकवायचे. लांब पर्याय धरा, टोकाचा पर्याय सोडा, उताऱ्यात वेळ घालवू नका. पाच वर्षं तेच बोलून माझा हातच तसा वळला होता. प्रश्न लिहिताना बरोबर उत्तर मी सजवून ठेवायचे आणि चुकीच्या तिघांना कसंतरी उभं करायचे.

तरी वाटलं, ही मुलगी फारच हुशार असेल. शनिवारी न्युरेम्बर्गला आमच्याकडे दोन मराठी जोडपी जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर मी उतारे काढून टाकून नुसते प्रश्न चौघांना दिले, नवऱ्यालाही दिले. गंमत समजून सगळ्यांनी सोडवले. कुणाचेही अठराच्या खाली नव्हते. नवऱ्याचे एकवीस आले. तो हसत म्हणाला, "अगं, ही तर तुमच्या क्लासची मेथड! पर्याय बघूनच कळतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

पाहुणे गेल्यावर त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिचा पेपर तेवढा काढून टाक. तिने वाचलंच नाही, म्हणजे तो तसाही बादच. एकोणसाठ उरतात. कोण विचारणारे?"

"बाकीच्यांनी वाचलं होतं, हे तुला काय माहीत?"

"तुलाही ते माहीत नाही ना? मग झालं तर."

मी त्याच्यावर ओरडले. तो वाईट बोलला म्हणून नाही. दोन दिवस मीही तेच मनात घोळवत होते. प्रोफेसरबाईंना पाठवायचा मेल माझ्या फोनमध्ये लिहून तयार होता, 'एका विद्यार्थिनीने वैयक्तिक कारणाने माघार घेतली आहे.' ते वाक्य खोटं नव्हतं, आणि तेच जास्त त्रास देत होतं. चार दिवस तो मेल मी उघडत आणि मिटत राहिले. मुलीने एकदा विचारलंही की तू फोनकडे बघून का रडतेस. मी म्हटलं, कांदा चिरला. समोर कांदा नव्हता.

तो मेल मी शेवटी पाठवला नाही. त्यात धीराची गोष्ट काही नव्हती. पकडली जाईन, तोंडी परीक्षेत कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारेल, अशी भीती होती. मंगळवारी प्रोफेसरबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्या साठीच्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी पेपर हातात घेतला, उठल्या, शेजारच्या खोलीतल्या एका सहकाऱ्याला बोलावलं. त्याने हे उतारे कधी पाहिले नव्हते. त्यांनी त्याला नुसते प्रश्न दिले. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो, तो खुणा करत राहिला. वीस बरोबर आले.

"आल्झो," 'तर मग' अशा अर्थाने बाई म्हणाल्या. सहकारी निघून गेल्यावर म्हणाल्या, "हे प्रश्न मीही तपासले होते. मलाही दिसलं नाही."

"आता काय करायचं?"

"नवे प्रश्न लिहा. नवे विद्यार्थी शोधा. जुने चालणार नाहीत, त्यांनी हे उतारे पाहिलेत. मुदत वाढवून मिळावी म्हणून मी पत्र लिहिते." मग म्हणाल्या, "पण आशा ठेवू नका."

त्यांनी पत्र खरोखर लिहिलं. तीन आठवड्यांनी नकार आला, फार सभ्य भाषेत.

तोपर्यंत मी नवे प्रश्न लिहायला घेतले होते. आता प्रत्येक पर्याय मोजून लिहायचे, चारही सारख्याच लांबीचे, चारही पटण्यासारखे. एकेका प्रश्नाला दिवस जायचा. लिहिलेला प्रश्न न्युरेम्बर्गच्या मैत्रिणींना उताऱ्याशिवाय पाठवायचे. त्यांनी बरोबर ओळखला की फाडून पुन्हा लिहायचा. त्या कंटाळल्या, पण मला कुणी सांगितलं नाही. फक्त उत्तरं यायची बंद झाली.

ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग रिकामं होतं. जी मुलं होती ती मला ओळखत होती. मेन्साबाहेर कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभी असले की ती लांबूनच दुसऱ्या दाराकडे वळायची. ढोलाच्या ग्रुपमधला एकजण सायकल थांबवून प्रेमाने म्हणाला, "आम्ही दिली होती ना परीक्षा? मग आता पुन्हा कसली?" मी म्हटलं, ती चुकली. तो म्हणाला, "आमची?" मी म्हटलं, "नाही, माझी."

त्या दिवसांत मी गुरुवारी घरी जाणंही सोडलं. दोन शनिवार-रविवार तिथेच राहिले, माणसं शोधायला तेवढेच दिवस जास्त मिळतील म्हणून. फोनवर मुलगी बोलायला आली नाही. ती चित्र काढतेय, असं नवरा म्हणाला. मागे तिचा आवाज ऐकू येत होता.

अकरा जण मिळाले. सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात त्यांचे पेपर तपासले. काही मुलं फसव्या शब्दांवर अडखळली होती, काही नव्हती. अकरा जणांवरून काहीही सिद्ध होत नाही. माझी कल्पना बरोबर होती असंही नाही आणि चूक होती असंही नाही. ती चूक ठरली असती तर निदान रडून मोकळी झाले असते.

महिन्याच्या शेवटी मी टेबल आवरलं आणि किल्ली ऑफिसात दिली. प्रोफेसरबाईंनी दाराशी हात हातात घेतला आणि म्हणाल्या की परीक्षा कशा फसतात यावर लिहा, छोटा प्रबंध होईल, मी बघेन. मी हो म्हटलं. त्या हिवाळ्यात न्युरेम्बर्गच्या स्वयंपाकघरात ती फाइल रोज उघडायचे. पहिल्या पानावर माझाच पहिला प्रश्न आणि त्याखाली माझेच चार पर्याय. त्याच्या पुढे मी कधी गेले नाही. फेब्रुवारीत त्यांना कळवलं की जमणार नाही. त्यांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं, त्यात मला समजतं असं लिहिलं होतं.

सगळ्यात अवघड गेलं सासऱ्यांना सांगणं. पुण्यात त्यांनी अख्ख्या सोसायटीत सून डॉक्टरेट करतेय म्हणून सांगितलेलं. पुढे ढकलून ढकलून एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं.

"बाबा, माझी डॉक्टरेट होणार नाहीये."

"लांबली का?"

"नाही, सोडली. माझी परीक्षा चुकली होती. प्रश्नच चुकीचे काढले होते मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावणाऱ्यांतले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "मग आता दिवसभर काय करतेस?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सकाळी मुलीला शाळेत सोडते, दुपारी आणते, मध्ये अर्ज लिहिते, बहुतेकांची उत्तरं येत नाहीत.

"काम शोधतेय, बाबा," एवढंच म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि फोन सासूबाईंकडे दिला.