गढीच्या टेकाडावर

आयव्हर प्रॉबर्टच्या कुरणात जुन्या मातीच्या गढीचं टेकाड होतं. नऊशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराने खंदक खणून तीच माती वर रचली नि माथ्यावर लाकडी बुरूज उभा केला. लाकूड कधीच कुजून गेलं. उरला तो उंचवटा आणि त्याच्या पोटात बॅजरांची बिळं. काळ्या-पांढऱ्या तोंडाची ती जनावरं कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेल्सच्या सीमेवरचा हा साठीचा मेंढपाळही तसाच. लग्न केलं नाही, बहीण ऑल्वेनबरोबर राहायचा. जन्मात कुणावर हात उगारला नव्हता.

मार्चमधल्या एका रविवारी ऑल्वेन प्रार्थनेला गेली होती. टेकाडावर कुत्र्यांचा कालवा ऐकून आयव्हर आपल्या फ्लॉस कुत्रीला घेऊन वर चढला. दोन तरुण फावड्यांनी टेकाड फोडत होते. एका बॅजरला चावता येऊ नये म्हणून त्याचा जबडा ठेचून त्यांनी त्याला कुत्र्यांपुढे झुंजीला टाकलं होतं; कायद्याने बंदी असलेला खेळ. त्या तरुणांतला एक क्रेग. बारा वर्षं आयव्हरच्याच मेंढ्यांची लोकर कातरणारा.

"क्रेग, तू? माझ्या घरी जेवतोस रे!"

"घरी जा, काका. तुमचं काय जातंय?"

"कुत्री आवर. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

"बोलवा की! इथे फोन लागतोय होय?" दुसरा हसला आणि हसता हसताच त्याने फावड्याचा दांडा आयव्हरच्या तोंडावर हाणला.

डावा डोळा फुटला. फ्लॉस मध्ये झेपावली, तर त्या कुत्र्यांनी तिचाच गळा धरला. आयव्हर ओरडत राहिला. क्रेग जागचा हलला नाही. फ्लॉसची धडपड थांबली तेव्हा आयव्हरच्या हाताला एक फावडं लागलं. त्याने क्रेगच्या गुडघ्यावर घाव घातला. हाड कडाडलं.

"काका, बस! मेलो!"

दुसरा केव्हाच पळाला होता. आयव्हरने आणखी तीन घाव घातले.

'जीव वाचवायला मारलं' एवढंच म्हणायचं, असं वकिलाने पढवलं होतं. कोर्टात आयव्हर म्हणाला, "पहिला घाव तसा होता, साहेब. बाकीचे मला मारावेसे वाटले."

त्या दोघांना कैद झाली, आणि आयव्हरलाही आठ महिने. सुटल्यावर त्याला कळलं, की क्रेगचा पाय आता कधीच वाकायचा नाही. तो त्याच्या दाराशी गेला. क्रेगच्या आईने दार उघडलं.

"माफी मागायला आलोय."

"त्या बॅजरांपायी माझ्या पोराला लंगडा केलंत. माफीही त्यांचीच मागा," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.